मृत्यूसालाच्या रकान्यातले शून्य

न्यू यॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने आपली कलाकारांची यादी सर्वांसाठी खुली केली आहे. त्यात जन्मसाल आणि मृत्यूसाल असे दोन रकाने आहेत. कलाकार हयात असेल तर दुसऱ्यात ० लिहिलेले असते. पण निधनाचे साल ठाऊक नसले तरी तिथे ०च. हयात आणि अज्ञात या दोन अगदी वेगळ्या गोष्टी; त्यांना एकच खूण देणे चुकीचेच.

जुन्या चित्रकारांची अडचण निराळी. जहांगीराने गौरवलेल्या उस्ताद मन्सूरचे ना जन्मसाल ठाऊक, ना मृत्यूसाल. अशा वेळी ‘कार्यकाळ सुमारे १५९० ते १६२४’ अशी नोंद करतात. कार्यकाळाला आयुष्यमान समजू नये. गेटी संस्थेच्या कलाकार-नामसूचीत यावर चांगला तोडगा आहे: वाचकासाठी ‘सुमारे’सह मजकूर, आणि संगणकाच्या शोधासाठी अंदाजे आरंभ-अखेरीची साले वेगळी.

मृत्यूसालावर कायद्याचेही गणित चालते. भारतात चित्रांवरील कॉपीराइट चित्रकाराच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो आणि ती पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. म्हणून १९४४ साली वारलेल्या म. वि. धुरंधरांच्या चित्रांवरील हक्क २००४ अखेर संपला. २००१ साली गेलेल्या वासुदेव गायतोंडे यांचा २०६१ अखेरपर्यंत राहील.

घरात कुणी चित्रकार होऊन गेले असतील, तर त्यांच्या जन्म-मृत्यूच्या दाखल्यांची प्रत त्यांची चित्रे असलेल्या संग्रहालयाकडे जरूर पाठवा.