साप्पोरोची उन्हाळी पाठशाळा

पदव्युत्तर परीक्षा उत्तीर्ण झालेला डॉक्टर त्याच दिवशी पुरता डॉक्टर होत नाही, हे आपल्या व्यवसायातील प्रत्येकाला ठाऊक आहे. पुस्तकातले ज्ञान आणि खाटेवरचा रुग्ण यांच्यामध्ये मोठे अंतर असते आणि ते एखाद्या ज्येष्ठाचे बोट धरूनच ओलांडावे लागते. पाश्चात्त्य वाद्यसंगीताच्या क्षेत्रातही असेच अंतर आहे. संगीत महाविद्यालयातून बाहेर पडणारा तरुण व्हायोलिनवादक एकट्याने अवघड रचना लीलया वाजवितो. परंतु शंभर जणांच्या वाद्यवृंदात बसून वाजविणे ही निराळी विद्या आहे. ती शिकविण्यासाठी जगात काही उन्हाळी महोत्सव भरतात. त्यांपैकी जपानमधील साप्पोरो येथील ‘पॅसिफिक म्युझिक फेस्टिव्हल’ची ओळख स्मरणिकेच्या वाचकांना करून द्यावी, या हेतूने हा लेख लिहीत आहे. मी संगीताचा जाणकार नाही. केवळ श्रोता आहे. मात्र शिकणे आणि शिकविणे हा विषय वैद्यकाच्याही जिव्हाळ्याचा असल्याने हे धाडस करतो.

या परंपरेचे मूळ अमेरिकेत आहे. बोस्टन सिम्फनी ऑर्केस्ट्राचे संचालक सर्ज कुसेवित्स्की यांनी १९४० साली मॅसॅच्युसेट्स राज्यातील टँगलवुड येथे तरुण संगीतकारांसाठी उन्हाळी विद्यालय सुरू केले. जगद्विख्यात वाद्यवृंदातील कसलेल्या वादकांच्या सहवासात तरुणांनी काही आठवडे राहावे, त्यांच्याकडून शिकावे आणि एकत्र वाजवावे, अशी ती कल्पना होती. आपल्या गुरुकुलाशी तिचे नाते सहज लक्षात येईल. पहिल्याच वर्षीच्या विद्यार्थ्यांत लेनर्ड बर्नस्टीन नावाचा एक तरुण होता. पुढे तो वाद्यवृंद संचालक, संगीत रचनाकार आणि शिक्षक म्हणून जगभर नावाजला गेला. १९५१ साली कुसेवित्स्की निवर्तले, तेव्हा टँगलवुडमधील संचालनाच्या शिक्षणाची धुरा याच शिष्याने उचलली.

बर्नस्टीन यांच्या आयुष्याच्या अखेरीस साप्पोरोची कथा सुरू होते. आशियातील तरुणांसाठी असेच शिबिर भरवावे, असे त्यांच्या मनात होते. प्रारंभी त्यासाठी बीजिंग शहर ठरले होते. परंतु जून १९८९ मध्ये तिआनमेन चौकात जे घडले, त्यानंतर तो बेत सोडून द्यावा लागला. तेव्हा जपानच्या उत्तरेकडील होक्काइदो बेटाची राजधानी साप्पोरो पुढे आली. १९७२ सालच्या हिवाळी ऑलिंपिकमुळे हे शहर जगाला परिचित झाले होते. उर्वरित जपान उकाड्याने हैराण असताना तिथली जुलैतील हवा सुखद असते. १९९० च्या उन्हाळ्यात तेथे पहिला महोत्सव भरला. मायकेल टिल्सन थॉमस हे बर्नस्टीन यांचे सहसंस्थापक होते, तर लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा हा त्या वर्षीचा निमंत्रित वाद्यवृंद होता.

बर्नस्टीन तेव्हा ७१ वर्षांचे होते. आयुष्यभराच्या धूम्रपानाने फुप्फुसे जर्जर झाली होती. उद्घाटनाच्या भाषणात त्यांनी आपल्यापुढचे पर्याय मोकळेपणाने मांडले. देवाने दिलेला उरलेला काळ पियानोवादनाला द्यावा, संचालन चालू ठेवावे, की नव्या रचना कराव्यात? हे सारे बाजूला ठेवून त्यांनी तरुणांना शिकविण्यास अग्रक्रम देण्याचे ठरविले होते. त्या तरुणांकडून त्यांनी शूमानची दुसरी सिम्फनी बसवून घेतली. त्या तालमींचे चित्रण उपलब्ध आहे आणि मी ते पाहिले आहे. डॉक्टरच्या नजरेला प्रथम दिसतो तो रुग्ण. मात्र वादन सुरू होताच हा रुग्ण मागे सरतो आणि शिक्षक पुढे येतो. तो मध्येच थांबवितो, समजावतो, स्वतः गाऊन दाखवितो आणि पुन्हा वाजवून घेतो.

या रचनेची निवडही विचार करायला लावणारी आहे. रॉबर्ट शूमान यांनी ही सिम्फनी १८४५-४६ मध्ये, गंभीर मानसिक आजारातून सावरत असताना लिहिली. तिच्या दुसऱ्या भागात व्हायोलिनवादकांना इतक्या द्रुत गतीने वाजवावे लागते, की वाद्यवृंदांच्या निवड चाचण्यांत हा भाग हमखास विचारला जातो. तिसरा, संथ भाग याच्या अगदी उलट आहे. त्यात व्हायोलिनने मांडलेली आर्त धून ओबो हे सुषिर वाद्य उचलून घेते. दुसऱ्या भागात बोटांची परीक्षा, तिसऱ्यात कानांची.

साप्पोरोहून बर्नस्टीन टोकियोला गेले. परंतु प्रकृती ढासळल्याने उरलेले कार्यक्रम सोडून त्यांना मायदेशी परतावे लागले. १९ ऑगस्टला त्यांनी अखेरची मैफल केली, ती टँगलवुड येथेच. १४ ऑक्टोबर १९९० रोजी त्यांचे निधन झाले. साप्पोरोचा महोत्सव मात्र थांबला नाही. २०२० साली करोनाच्या साथीमुळे तो रद्द करावा लागला, पण पुढे पुन्हा उभा राहिला. आजवर तीन हजारांहून अधिक तरुण वादक तेथे शिकून गेले आहेत.

महोत्सवाचे स्वरूप साधारणतः असे असते. वयाची १८ ते २९ वर्षे ही मर्यादा. निरनिराळ्या देशांतील उमेदवारांतून चाचणी घेऊन सुमारे शंभर जण निवडले जातात. व्हिएन्ना व बर्लिन येथील फिलहार्मोनिक वाद्यवृंदांचे सदस्य आणि अमेरिकेतील नामांकित वाद्यवृंदांचे प्रमुख वादक अध्यापनासाठी येतात. प्रथम प्रत्येक वाद्यगटाची स्वतंत्र तालीम होते, मग सर्वांची एकत्र. काही कार्यक्रमांत गुरुजन विद्यार्थ्यांच्या शेजारी बसून स्वतः वाजवितात. मैफली होतात त्या १९९७ साली उभारलेल्या ‘कितारा’ या भव्य सभागृहात; आणि शहराबाहेरच्या ‘आर्ट पार्क’मधील खुल्या रंगमंचावरही होतात, जिथे कुटुंबेच्या कुटुंबे हिरवळीवर चटया अंथरून ऐकत बसतात.

शेजारी बसून वाजविणे, हे मला या पद्धतीचे मर्म वाटते. आपल्या मैफलीत तबलजी गायकाच्या मुद्रेकडे पाहत समेची वाट पाहतो. तिथे साथीला दोघे-तिघे असतात, म्हणून हे साधते. वाद्यवृंदात साठ तंतुवाद्ये एकाच वेळी श्वास घेतल्यासारखी सुरू व्हावी लागतात. संचालकाची छडी इशारा देते. पण नेमका क्षण कळतो तो पुढच्या बाकावरील वादकाच्या गजाच्या हालचालीवरून आणि शेजाऱ्याच्या स्वरावरून. आपला आवाज किती दाबायचा आणि ओबोला केव्हा वाट करून द्यायची, हे स्वरलिपीच्या कागदावर पुरते लिहिलेले नसते. वीस वर्षे वाजविलेल्या माणसाशेजारी बसले, की ते हळूहळू कानात उतरते.

प्रसूतिगृहात हे मला अनेकदा आठवते. जन्मतः न रडलेल्या बाळाचे हृदय मंदावले, की दोघांना मिळून काम करावे लागते. एक जण छातीवर तीन वेळा दाब देतो, दुसरा एक कृत्रिम श्वास देतो. मिनिटाला ९० दाब आणि ३० श्वास, म्हणजे एकूण १२० ठोक्यांची लय. ‘एक, दोन, तीन, श्वास’ असे मोठ्याने मोजत ती सांभाळायची असते. हे प्रमाण आमच्या प्रत्येक निवासी डॉक्टरला मुखोद्गत असते. तरीही पहिल्या खेपेस दोघांची लय क्वचितच जुळते. कारण प्रत्येकाचे लक्ष स्वतःच्या हातांकडे असते. अनुभवी परिचारिका शेजारी उभी राहून शांतपणे मोजू लागली, की क्षणात सारे ठिकाणावर येते. तिने नवी माहिती काहीच दिलेली नसते. तिने फक्त त्या दोघांना एकमेकांचे ऐकायला लावलेले असते.

आपल्या देशाचाही या परंपरेशी एक धागा जुळतो आणि तो वैद्यकाला स्पर्शून जातो. मुंबईत १९३६ साली जन्मलेले झुबिन मेहता यांनी वैद्यकीय शिक्षणाची पूर्वतयारी सुरू केली होती. ती अर्धवट सोडून १९५४ साली ते संगीत शिकण्यासाठी व्हिएन्नाला गेले. १९५८ च्या उन्हाळ्यात ते टँगलवुडच्या शिबिरात होते आणि तेथील संचालकांच्या स्पर्धेत त्यांनी दुसरे पारितोषिक मिळविले. वैद्यकाने एक विद्यार्थी गमावला खरा. पण त्याबद्दल कोणी डॉक्टर हळहळेल असे वाटत नाही.

अशा शिबिरांविषयी अवास्तव कल्पना करून घेऊ नये. महिनाभरात कोणी थोर वादक होत नाही. नामांकित वाद्यवृंदांतील जागा मोजक्या असतात आणि शिकून गेलेल्या प्रत्येकाला तेथे स्थान मिळतेच असे नाही. पण त्या महिन्यात उत्तम काम कसे असते, हे तरुणाने जवळून पाहिलेले असते. ते माप पुढे आयुष्यभर त्याच्यापाशी राहते.

आपल्या मंडळात आज पन्नाशी-साठी ओलांडलेले अनेक अनुभवी सहकारी आहेत. वार्षिक व्याख्याने आपण नेमाने भरवितो. व्याख्यानातून माहिती मिळते. पण नाडीवरचा हात, तपासताना मुलाशी साधलेला संवाद, वाईट बातमी सांगताना घेतलेला क्षणभराचा विराम या गोष्टी शेजारी उभे राहूनच शिकाव्या लागतात. खासगी व्यवसायाच्या धबडग्यात असे शेजारी उभे राहणे दुर्मिळ होत चालले आहे. शहरात नव्याने व्यवसाय सुरू करणारा डॉक्टर पहिल्या दिवसापासून एकटाच असतो आणि त्याच्या एकटेपणाची किंमत कधी कधी रुग्णाला मोजावी लागते.

म्हणून कार्यकारिणीपुढे एक सूचना ठेवतो. दर वर्षी मे महिन्यात प्रत्येक ज्येष्ठ सभासदाने एका तरुण सहकाऱ्याला, रुग्णांची संमती घेऊन, महिनाभर आठवड्यातून दोन सकाळी आपल्या बाह्यरुग्ण विभागात शेजारी बसवावे. त्यासाठी सभागृह नको, निधी नको, प्रायोजकही नको. एक जास्तीची खुर्ची आणि थोडा वेळ पुरेसा आहे. येत्या उन्हाळ्यासाठी माझ्या दवाखान्यातील खुर्ची मी आजच राखून ठेवीत आहे. इच्छुक तरुण सहकाऱ्यांनी आपली नावे चिटणिसांकडे द्यावीत, ही विनंती.