अवकाश दुर्बिणीचे वेळापत्रक

अवकाशात दुर्बीण नेऊन ठेवली की ती मनाला येईल तेव्हा, मनाला येईल तिकडे पाहू शकेल, असे आपणांस वाटते. तेथे ना ढग, ना पावसाळा. मग अडचण कसली? अडचण आहे ती सूर्याची.

२५ डिसेंबर २०२१ रोजी सोडलेली जेम्स वेब दुर्बीण पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर राहून पृथ्वीबरोबरच सूर्याला प्रदक्षिणा घालते. ती अवरक्त, म्हणजे उष्णतेचे किरण टिपते. ती स्वतःच तापली तर दूरच्या ताऱ्यांची क्षीण ऊब तिला कळणार कशी? म्हणून टेनिसच्या मैदानाएवढी पाच पदरी छत्री सूर्याकडे धरून ती सतत सावलीत राहते. सावली न सोडता जेवढे वळता येईल तेवढेच वळायचे! सूर्यापासून ८५ ते १३५ अंशांच्या पट्ट्यातील आकाशच तिला पाहता येते. म्हणजे एका वेळी सुमारे ३९ टक्के.

वर्षभरात हा पट्टा सरकत जातो आणि सारे आकाश टप्प्यात येते. परंतु प्रत्येक ठिकाणाची पाळी निराळी. आपल्या आकाशगंगेचे केंद्र धनू राशीत, क्रांतिवृत्ताजवळ आहे. त्याची पाळी वर्षातून दोनदा, साधारण मार्च-एप्रिल व ऑगस्ट-सप्टेंबरात, प्रत्येकी सुमारे ५० दिवस येते. जूनमध्ये धनू रास आपल्याला रात्रभर दिसते, पण सूर्याच्या अगदी समोरची ती दिशा वेबला वर्ज्य! उलट, क्रांतिवृत्ताच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या मोठ्या मॅजेलनी मेघाचा काही भाग तिला बाराही महिने दिसतो.

हे सारे जुळवून वेळापत्रक आखण्याचे काम अमेरिकेत बाल्टिमोर येथील स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूट करते. जगभरातून उपलब्ध वेळेच्या कितीतरी पट मागणी येते. निवड करताना अर्जदाराचे नाव परीक्षकांना कळू देत नाहीत. निवडलेल्या निरीक्षणाला लवकरात लवकर केव्हा व उशिरात उशिरा केव्हा सुरुवात व्हावी, हे नेमून दिलेले असते. एखादे फसले तर दुर्बीण थांबत नाही, पुढच्याकडे वळते. फसलेल्याचे ठिकाण तोवर पट्ट्याबाहेर गेले, तर पुढच्या पाळीपर्यंत महिनोन्‌महिने वाट पाहावी लागते.

शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्यांना हे नवे नाही. बियाणे तयार, तिफण तयार, तरी वाफसा आल्याशिवाय पेरणी नाही. आणि वाफसा गेला की नुसती तिफण काय कामाची? अब्जावधी डॉलरच्या यंत्रालाही हा नियम सुटलेला नाही. घरातून कॉलेजात प्रथमच आलेल्या आपल्यासारख्यांनी यातून दोन गोष्टी घ्याव्यात. तेथे अर्जावर घराण्याचे नाव चालत नाही, ही एक. आणि आलेली वेळ कोणासाठीच थांबत नाही, ही दुसरी.

— द्वितीय वर्ष, बी. ए.