शेल स्क्रिप्टमधलं फंक्शन आणि आयर्विन पुलाचे फूट-इंच

सांगलीत कृष्णेचं पाणी किती चढलं हे आयर्विन पुलापाशी मोजतात आणि फूट-इंचात सांगतात. ४५ फूट ही तिथली धोक्याची पातळी. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. साताऱ्याकडचा पाऊस मात्र मिलिमीटरमध्ये येतो. दोन्हींचा संबंध लावायचा तर पातळी आधी मीटरमध्ये आणावी लागते.

इथंच गडबड होते. ४० फूट ६ इंच म्हणजे ४०.६ फूट नव्हे, ४०.५ फूट! हे रूपांतर स्क्रिप्टमध्ये पाच ठिकाणी लिहिलं असेल, तर चूक सापडल्यावर आपण चार ठिकाणी दुरुस्त करतो. पाचवी तशीच राहते आणि आलेख तरीही छान दिसतो. म्हणून ते एकदाच, फंक्शनमध्ये लिहायचं.

बॅशमध्ये फंक्शनचं नाव, गोल कंस आणि महिरपी कंसात कामाच्या ओळी, एवढंच लागतं. वापरताना मात्र साध्या कमांडसारखं: नाव, जागा, फूट, जागा, इंच. कंस नाहीत, स्वल्पविराम नाही. पायथनवरून आलेले इथे हमखास अडखळतात. आत पहिली किंमत डॉलर-१, दुसरी डॉलर-२ मध्ये मिळते. आतली व्हेरिएबल्स 'लोकल' म्हणून जाहीर करा, नाहीतर बाहेरचं त्याच नावाचं व्हेरिएबल गुपचूप बदलतं.

सगळ्यात मोठा खड्डा म्हणजे 'रिटर्न'. बॅशमध्ये ते उत्तर परत देत नाही; काम झालं की फसलं एवढंच कळवतं, तेही ० ते २५५ या आकड्यांत. ४५ फुटांचे ५४० इंच 'रिटर्न' केले तर हाती २८ येतात, आणि एररही दिसत नाही. उत्तर 'एको'नं छापायचं आणि डॉलर-कंसात पकडायचं. 'रिटर्न' ठेवायचं नोंद रिकामी असल्याचं सांगायला.

पण डॉलर-कंसातलं फंक्शन वेगळ्या उपशेलमध्ये चालतं. रिकाम्या नोंदी मोजायचा काउंटर आत वाढवलात तर बाहेर तो शून्यच राहील. तो बाहेरच, 'रिटर्न'चा आकडा बघून वाढवा.

बॅशला दशांश जमत नाहीत, आणि '०८' इंच दिसले की शून्यामुळे ते अष्टमान समजून एरर देतं. गुणाकार ऑककडे सोपवला की दोन्ही प्रश्न मिटतात. फाइल्सवर चालवण्याआधी फंक्शनला नुसतं ४५ आणि ० द्या. उत्तर १३.७१६ यायला हवं.