फॉन्डंटचा रंग थेंब वाढवून गडद होत नाही

सिडको, गारखेडा, सातारा परिसर. छत्रपती संभाजीनगरच्या अशा वसाहतींत घरून केकच्या ऑर्डरी घेणाऱ्या अनेकजणी आहेत, आणि फॉन्डंट रंगवण्याबद्दलचे काही समज त्यांच्यात एकीकडून दुसरीकडे जात राहतात. त्यांतले काही नुसता केक बिघडवतात, तर एखादा लहान मुलाला दवाखान्यात पोचवू शकतो.

सगळ्यात पक्का समज म्हणजे गडद रंग हवा असेल तर थेंब वाढवायचे. फॉन्डंट म्हणजे बहुतांशी पिठीसाखर. तिला बांधून ठेवायला ग्लुकोज, ग्लिसरीन आणि जिलेटिन किंवा डिंकासारखा पदार्थ असतो. मिठाईत घालतो तो पाण्यासारखा रंग यात ओतला की साखर विरघळू लागते आणि गोळा हाताला चिकटतो. म्हणून घट्ट जेल कलर घ्यावा, तोही टूथपिकच्या टोकाने, थोडा थोडा. मळून झाल्यावर गोळा प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून रात्रभर ठेवावा. लाल, मरून, काळा हे रंग सकाळी बऱ्याच छटांनी गडद झालेले दिसतात. पांढऱ्या फॉन्डंटपासून काळा करायचा हट्टच धरू नये, कारण रंग इतका लागतो की चव कडू होते आणि जीभ काळी पडते. कोको पावडर मळून आधी तपकिरी केलेल्या गोळ्यात काळा रंग घातला की तो फार कमी लागतो. जेलने गोळा सैल झालाच तर चिमूटभर टायलोज पावडर घालून थोडा वेळ राहू द्यावा.

‘फ्रीजमध्ये ठेवलं की काही बिघडत नाही’ हा समज आपल्या हवेत फार महाग पडतो. इथला एप्रिल-मे कोरडा असतो आणि पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा फॉन्डंटला तडे जातात. हाताला थोडं वनस्पती तूप लावून किंवा ग्लिसरीनचे एक-दोन थेंब घालून मळलं की ते सावरतं. पावसाळ्यात प्रश्न उलटा असतो. थंडगार केक दमट खोलीत आला की हवेतलं पाणी त्याच्यावर जमतं. साखर ते ओढून घेते, पृष्ठभाग घामेजतो आणि लाल फुलाचा ओघळ पांढऱ्या थरावर उतरतो. त्यात आपल्याकडे आत बहुधा व्हिप क्रीम असतं आणि ते फ्रीजबाहेर टिकत नाही. फॉन्डंटचा केक असेल तर आत गनाश किंवा बटरक्रीम घ्यावं, हा माझा ठाम सल्ला. क्रीमचाच आग्रह असेल तर केक पुठ्ठ्याच्या बंद खोक्यात ठेवावा आणि बाहेर काढल्यावर खोकं लगेच उघडू नये. पाणी खोक्यावर जमतं, केक वाचतो. घामेजलेला भाग पुसायचा नाही, पंख्याखाली वाळू द्यायचा.

जांभळा केक दुसऱ्या दिवशी निळा दिसला की ‘रंग भेसळीचा होता’ असं म्हणतात. तसं असेलच असं नाही. जांभळ्यातला गुलाबी अंश उजेडात आधी उडतो आणि निळा मागे उरतो. केक खिडकीपासून दूर ठेवला तर हे टळतं. हळद, बीट घरचे म्हणून जास्त टिकतील, हेही खरं नाही. हळदीचा पिवळा उन्हात लवकर फिकटतो आणि बिटाच्या रसाबरोबर पाणी आत जातं. घरचाच रंग हवा असेल तर बिटाची कोरडी पावडर घ्यावी आणि फिकट छटेवर समाधान मानावं.

एगलेस केकवरचं फॉन्डंट शाकाहारीच असणार, असंही धरून चालू नये. जिलेटिन प्राण्यांपासून मिळतं. पाकिटावर हिरवी खूण आहे का ते पाहावं.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलेली चमकी खाता येते, असं समजून ती सर्रास लावली जाते. त्या शब्दाचा अर्थ खाण्याजोगी असा होत नाही. अमेरिकेत 2018 मध्ये ऱ्होड आयलंड राज्यात वाढदिवसाच्या केकवरच्या सोनेरी पावडरीतल्या तांब्याने मुलं आजारी पडली. 2019 मध्ये मिसूरीत अशाच पावडरीत शिसं सापडलं. ‘एडिबल’ हा शब्द आणि घटकांची यादी दोन्ही डबीवर नसतील तर ती चमकी केकवर लावू नये, नुसत्या सजावटीलाही नाही.

रंगांचंही तसंच. भारतात खाद्यपदार्थांसाठी कृत्रिम रंग मोजकेच मान्य आहेत: टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन, पोन्सो 4आर, एरिथ्रोसिन, ब्रिलियंट ब्लू, इंडिगो कार्माइन आणि फास्ट ग्रीन. त्यांनाही प्रमाणाची मर्यादा आहे. गुलाबीसाठी वापरला जाणारा रोडामाइन बी या यादीत नाही. 2024 मध्ये तमिळनाडू आणि कर्नाटकने ‘बुढ्ढी के बाल’मधल्या अशा रंगावर बंदी आणली. सुट्या पुडीतला रंग कितीही स्वस्त असो, तो घेऊ नका. बाटलीवर एफएसएसएआयचा 14 अंकी परवाना क्रमांक आणि रंगाचं नाव वाचूनच ती विकत घ्या. ऑर्डर देणाऱ्या आईने तो क्रमांक विचारला तर बाटली तिच्यासमोर ठेवा.