टर्बो इंजिनाची ओळख – लेखांक ६ : दाबलेली हवा गार करताना

हवा दाबली की तापते. टर्बोची हवा लालबुंद एक्झॉस्टच्या शेजारून जाते म्हणून गरम होते, असा समज सर्रास आढळतो. तो अगदीच खोटा नाही, पण मुख्य कारण दाबणे हेच. बाहेर ३५ अंश सेल्सिअस असताना हवेचा दाब दुप्पट केला, तर आदर्श कॉम्प्रेसरमधूनही ती सुमारे १०२ अंशांवर बाहेर पडेल. खऱ्या कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर हाच आकडा १३० अंशांच्या वर जातो.

तापलेली हवा विरळ असते. म्हणून दाब दुप्पट होऊनही सिलिंडरमध्ये हवा दुप्पट भरत नाही. वरच्या उदाहरणात ती जेमतेम दीडपट भरते. तीच हवा इंटरकूलरने, म्हणजे दाबलेली हवा गार करणाऱ्या भागाने, दाब न गमावता ५५ अंशांवर आणली, तर प्रमाण १.८८ पटींवर जाते. बूस्टचा, म्हणजे टर्बोने वाढवलेल्या दाबाचा, काटा मात्र दोन्ही वेळा एकाच जागी असतो, त्यामुळे नुसत्या बूस्टवरून इंजिनाची ताकद जोखणे फसवे ठरते.

पेट्रोल इंजिनाला नॉकिंगचीही धास्ती असते. ठिणगीपासून निघालेली ज्योत पोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप भडकते आणि पिस्टनवर हातोडे बसावेत तसे दाबाचे धक्के बसतात. ते टाळण्यासाठी ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, इनटेकमधला तापमान सेन्सर पाहून ठिणगी उशिरा देतो, गरज पडल्यास वेस्टगेट (एक्झॉस्टला टर्बोबाहेरून वाट देणारी झडप) उघडून बूस्टही उतरवतो. चालकाला एवढेच कळते, की दुपारच्या उन्हात घाटात गाडी ओढत नाही. डिझेलमध्ये या प्रकारचे नॉकिंग नसते. पण गरम हवेने एक्झॉस्टचे तापमान आणि नायट्रोजन ऑक्साइड वाढतात, म्हणून इंटरकूलर तिथेही लागतो.

१९६२ च्या ओल्ड्समोबिल जेटफायर या टर्बो गाडीत इंटरकूलर नव्हता. पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण इनटेकमध्ये फवारून नॉकिंग रोखले जाई. वाफ होताना पाणी भरपूर उष्णता शोषून घेते. कल्पना हुशारीची होती, पण मिश्रणाची टाकी भरत राहण्याचे काम मालकाच्या गळ्यात पडले आणि अनेकांनी ते केलेच नाही. पोर्शे ९११ टर्बोलाही १९७५ मध्ये इंटरकूलर नव्हता. १९७८ च्या ३.३ लिटर आवृत्तीत तो मागच्या स्पॉयलरखाली आला. शक्ती २६० वरून ३०० अश्वशक्तीवर गेली. त्यातला काही वाटा वाढलेल्या लिटरांचाही होता, हे उत्साही वर्णनांत सहसा गळते.

हवेने गार होणारा इंटरकूलर बहुधा पुढच्या बंपरमागे असतो. तिथे वारा चांगला मिळतो, मात्र पाइप लांबतात. सुबारू डब्ल्यूआरएक्सने तो इंजिनाच्या डोक्यावर बसवून बॉनेटला हवेचे तोंड दिले. पहिल्या पिढीच्या फॉर्च्युनरची रचनाही तशीच. पाइप आखूड झाले, पण सिग्नलला थांबल्यावर खालच्या इंजिनाची धग थेट इंटरकूलरला लागते. फोक्सवॅगनच्या ईए२११ मालिकेतील अनेक टीएसआय इंजिनांत पाण्याने गार होणारा इंटरकूलर इनटेक मॅनिफोल्डमध्येच असतो. चाकणला तयार होणाऱ्या टायगनची इंजिने याच मालिकेतली. पाणी थोडा वेळ येणारी उष्णता सहज पोटात घेते. मात्र सतत जोर पडून ते एकदा तापले, की निवायला वेळ लागतो.

सरसकट मोठा इंटरकूलर बसवणे हा उपाय नव्हे. त्यात दाब वाया जाऊ शकतो आणि जास्त जागा भरायची असल्याने बूस्ट उशिरा येतो. आधी साध्या गोष्टी पाहाव्यात: पत्र्यांत अडकलेला चिखल आणि किडे, आत साचलेले तेल, होजचा सैल क्लॅम्प. बॉनेटखाली उघडा एअर फिल्टर बसवण्याची हौस मात्र महागात पडते. इंजिनाजवळची २० अंश जास्त गरम हवा आत ओढली, तर वरच्याच हिशोबाने टर्बोनंतर ती वाढ सुमारे २६ अंशांची होते आणि इंटरकूलरचे काम तेवढे वाढते.