कोरियांतील जुनें धनुष्य आणि नवे धनुर्धर

ऑलिंपिक सामन्यांत धनुर्विद्येचें सुवर्णपदक कोणीं मिळविलें असा प्रश्न केला, तर पुष्कळदां निकाल न पाहतांही उत्तर देतां येतें. स्त्रियांच्या सांघिक स्पर्धेंत १९८८ पासून २०२४ पर्यंत दहाही वेळां तें दक्षिण कोरियाकडेच गेलें. परंतु आज मी ज्या धनुष्याविषयीं बोलणार आहें तें हें नव्हे. त्याच देशांत एक जुनें धनुष्य आहे, आणि तें हातीं धरावयास नवा माणूस मिळविणें ही तेथील जाणत्यांची विवंचना आहे.

कारणें उघड आहेत. ऑलिंपिकचें लक्ष्य ७० मीटरांवर असतें. या खेळांतलें १४५ मीटरांवर, म्हणजे सुमारें पावणेपांचशें फुटांवर. प्रत्यंचा अंगठ्यानें ओढावयाची, आणि त्यासाठीं अंगठ्यांत एक कडें घालावयाचें. नवख्यानें आधीं बाणावांचून नुसतें धनुष्य ओढीत राहावयाचें. पुढें बाण मिळतो, पण तो दोरीनें खांबाला बांधलेला! हौसेनें आलेला तरुण या दोरीपाशींच कंटाळला, तर त्यांत नवल नाहीं.

त्यांतून धनुष्यही मोठें नाजुक. म्हशीचें शिंग, बांबू, तुतीचें लांकूड आणि बैलाचे स्नायू हे माशाच्या पोटांतील फुग्यापासून केलेल्या सरसानें जोडून तें घडवितात. दमट हवेंत तें मऊ पडतें, म्हणून उबदार पेटींत ठेवावें लागतें. प्रत्यंचा उतरविली कीं तें उलट वळून जवळजवळ वर्तुळ होतें. पुन्हां चढवितांना शेकून, दाबून त्याचा तोल साधावा लागतो. नवशिक्याच्या हातून तें बिघडण्याचाच संभव अधिक.

या विद्येवर संकट पूर्वींही आलें होतें. १८९४ सालीं सैनिकी परीक्षेंतून धनुर्विद्या काढून टाकण्यांत आली आणि ती शिकण्याचें पोटापाण्याचें कारणच संपलें. तेव्हां १८९९ सालीं सम्राट गोजॉंग यांनीं सेऊल येथील ग्योंगहुई राजवाड्यांत ह्वांगहाकजॉंग, म्हणजे पीतक्रौंच-मंडप, उभारविला आणि सामान्य नागरिकांना तेथें बाण सोडण्याची मोकळीक दिली. १९२२ मध्यें तो मंडप दुसऱ्या जागीं हलला. तेथें अद्यापि बाण सुटतात.

दुसऱ्यानें दार उघडलें तें कांचतंतूंच्या धनुष्यानें. १९७० नंतरच्या दशकांत तें प्रचारांत आलें. आकार जुनाच, पण पावसाची भीति नाहीं आणि किंमतही पुष्कळ कमी. मात्र स्वस्त धनुष्य मिळूं लागल्यावर शिंगाचें धनुष्य घडविणाऱ्या कारागिराच्या दारीं कोण जाणार, ही शंका कांहीं खोटी नव्हती. यावरील तोडगा मला मोठा समंजस वाटतो. चौथ्या श्रेणीपर्यंत नवें धनुष्य चालतें. पांचव्या श्रेणीच्या परीक्षेपासून मात्र शिंगाचें धनुष्य आणि बांबूचेच बाण घ्यावे लागतात. येणाऱ्याला उंबरठ्यावर कोणी अडवीत नाहीं. जिना मात्र जुनाच आहे.

लक्ष्यही नवख्यावर दया करणारें आहे. दोन मीटर रुंद आणि अडीच मीटरांहून उंच अशी ती फळी किंचित् मागें कललेली असते. मधला तांबडा गोल केवळ नेमासाठीं. बाण फळीवर कोठेंही लागला तरी मान सारखाच. एका फेरीचे पांच बाण सर्वजण रांगेंत उभे राहून आळीपाळीनें एकेक सोडतात. नवख्याचे पांचही बाण प्रथमच लागले, कीं तो दिवस मंडपांत साजरा होतो.

तरीही एक अडचण उरते. प्रौढ माणसाला चारचौघांत चुकण्याची लाज वाटते, आणि तिच्यावर स्वस्त धनुष्याचा इलाज चालत नाहीं. तेथें उपयोगीं पडते ती एक लहानशी रीत. पहिला बाण सोडण्यापूर्वीं धनुर्धर म्हणतो, “मी धनुष्य शिकत आहें.” इतर उत्तर देतात, “पुष्कळ बाण लागोत.” हें केवळ नवख्यानेंच म्हणावयाचें असें नाहीं, केस पिकलेला, वरच्या श्रेणीचा गृहस्थही तेंच म्हणतो. ज्याचा बाण अजून निम्म्या वाटेंत जमिनींत रुततो, तो नवखा शेजारींच उभा राहून हें ऐकत असतो.