वहीशेजारचा दिवाळी अंक

आश्विन सरत आला की मुक्ताईनगरच्या बाजारपेठेचे रूप पालटते. नव्या कापसाच्या गाड्या येऊ लागतात, दुकानांना रंग लागतो आणि लाल कापडी बांधणीच्या वह्यांचे गठ्ठे दर्शनी फळीवर येतात. त्याच सुमारास वृत्तपत्रविक्रेत्याकडे नवे दिवाळी अंक दाखल होतात.

आमच्या घरी एकेकाळी या दोन्ही वस्तूंची खरेदी एकाच फेरीत होत असे. वडील व्यापाराच्या कामासाठी जळगावला गेले की परतताना त्यांच्या पिशवीत वर्षाच्या वह्या आणि दोन दिवाळी अंक असत. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पाटावर वही मांडली जाई आणि तिच्याशेजारी एक अंकही. पूजेत अंक कशाला, असे मी एकदा विचारले. वडील म्हणाले, “या पूजेला आपण शारदापूजन म्हणतो. शारदेला केवळ जमाखर्चच आवडतो, असे तुला कोणी सांगितले?”

यंदाचे अंक घरी येत असताना त्या उत्तराची आठवण होते.

मराठी दिवाळी अंकाची परंपरा शतकाहून जुनी आहे. काशीनाथ रघुनाथ आजगावकर हे बंगाली साहित्याच्या ओढीमुळे ‘मित्र’ हे नाव लावीत. त्यांनी १८९५ साली ‘मनोरंजन’ मासिक सुरू केले आणि १९०९ साली त्याचा दिवाळी अंक काढला. इंग्रजी नियतकालिकांच्या नाताळ विशेषांकांची प्रथा त्यांच्यासमोर होती. सणाच्या दिवसांत घर भरलेले असते, हाताला थोडी उसंत असते, त्या वेळी घरातील सर्वांना पुरेल असे वाचन द्यावे, ही ती कल्पना. पुढे दीनानाथ दलालांची ‘दीपावली’, अनंत अंतरकरांचा ‘हंस’, मधुकर पाटकरांचा ‘आवाज’ अशी नावे या परंपरेत रुजली. आज दरवर्षी शेकडो दिवाळी अंक निघतात.

या इतिहासाचे एक पान आपल्यासारख्या व्यापारी कुटुंबांनी विशेष लक्षात ठेवावे असे आहे. १९२० साली किर्लोस्करवाडीच्या कारखान्याने आपल्या ग्राहकांसाठी ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे पत्र काढले. त्यातून शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली ‘किर्लोस्कर’ हे मराठीतील एक अग्रगण्य मासिक उभे राहिले आणि १९३० साली ‘स्त्री’ हे मासिकही आले. नांगर विकणाऱ्या पेढीने घराघरांत वाचन पोहोचवले.

आपला खानदेशही या बाबतीत मागे नव्हता. अमळनेरचे प्रताप शेठ हे गिरणीमालक. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी त्यांनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले. त्याच संस्थेत शिकण्यासाठी साने गुरुजी अमळनेरला आले आणि पुढे तेथेच शिक्षक झाले. वसतिगृहातील मुलांसाठी ते स्वतःच्या हाताने ‘छात्रालय’ दैनिक लिहून काढीत. १९२८ साली त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक सुरू केले. एका व्यापाऱ्याने उभारलेल्या वास्तूच्या आश्रयाने एक लेखक या मातीत आला, ही घटना लहान नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत त्याच अमळनेरात ९७वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले.

धरणगावी जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांना ‘बालकवी’ हे नाव १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात मिळाले. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या ओव्या घरातल्या माणसांनी टिपून ठेवल्या, म्हणून त्यांच्या निधनानंतर १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ हा संग्रह निघू शकला. कोणी लिहून घेतले नसते, कोणी छापले नसते, तर तो ठेवा जात्याच्या घरघरीतच विरून गेला असता.

छापण्याचे हे व्रत आपल्याच परिसरात कसे चालले, याचे उदाहरण धुळ्यात आहे. पुरुषोत्तम पाटील यांनी १९८५ साली तेथून ‘कवितारती’ सुरू केले. केवळ कविता आणि कवितेचा विचार यांना वाहिलेले नियतकालिक! मुंबई-पुण्यापासून दूर, जिल्ह्याच्या गावी राहून त्यांनी ते तीन दशके निष्ठेने चालवले. २०१७ साली त्यांचे निधन झाले, तोवर ‘कवितारती’त कविता छापून येणे हा नव्या कवीला मान वाटत असे.

असे नियतकालिक चालते कसे, हा हिशेब आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. कागद, छपाई, टपालखर्च आणि विक्रेत्याचे कमिशन वजा जाता अंकाच्या किमतीत खर्च निघत नाही. उरलेली तूट जाहिरातीने भरून निघते. दिवाळी अंकाच्या शेवटच्या पानांवर ज्या शुभेच्छा-जाहिराती दिसतात, त्यांत आपल्या समाजातील पेढ्यांची नावे हमखास असतात. ही गोष्ट अभिमानाची आहे.

मात्र येथे एक कबुली द्यावीशी वाटते. काही वर्षांपूर्वी आमच्या पेढीने अशीच जाहिरात दिली. अंकाची प्रत टपालाने घरी आली. मी जाहिरातीचे पान पाहिले, नाव बरोबर छापले आहे याची खात्री केली आणि अंक कपाटात ठेवला. अक्षय्य तृतीयेला आवराआवर करताना तो सापडला. बाकीची पाने एकमेकांना तशीच चिकटलेली होती. संपादकाने वर्षभर खपून जमवलेले ते सारे आमच्या घरात कोणी वाचलेच नव्हते. पैसा पोहोचला होता, वाचक पोहोचला नव्हता.

जाहिरातीने अंक छापला जातो, पण तो जगतो वर्गणीदारावर आणि वाचकावर. म्हणून यंदा एवढे करावे. जाहिरात देणाऱ्या प्रत्येक पेढीने एका नियतकालिकाची वार्षिक वर्गणीही भरावी. मुलांसाठी बालभारतीचा ‘किशोर’ घ्यावा, हसण्यासाठी ‘आवाज’ घ्यावा, कवितेची आवड असेल तर ‘कवितारती’ मागवावे. सुकामेव्याच्या पेटीसोबत एक अंक भेट द्यावा. सारे अंक विकत घेणे शक्य नसेल, तर जवळच्या ग्रंथालयाच्या दिवाळी अंक योजनेत नाव घालावे. आणि भाऊबीजेला सारे जमले की एखादी कथा मोठ्याने वाचावी. आजी ऐकेल, नातवंडेही ऐकतील.

आपल्या गावापासून जवळच, तापी-पूर्णेच्या संगमावर, चांगदेवांचे मंदिर आहे. योगी चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना पत्र पाठवले, पण मायना काय लिहावा हे न सुचल्याने कागद कोराच धाडला, अशी आख्यायिका आहे. एवढी तपश्चर्या करूनही हे कोरेच राहिले, असे धाकट्या मुक्ताईने त्या वेळी म्हटल्याचे सांगतात. त्या कोऱ्या कागदाला उत्तर म्हणून पासष्ट ओव्यांची ‘चांगदेव पासष्टी’ लिहिली गेली. जिच्या नावाने आपले गाव ओळखले जाते, त्या मुक्ताईचे बोल आपल्यालाही लागू पडावेत, अशी वेळ येऊ नये.

पाडव्याला नव्या वहीचे पहिले पान आपण भरणारच आहोत. शेजारच्या अंकाचे पहिले पानही त्याच दिवशी उघडावे.